ॲनी बेझंट यांचे दोन खटले : मूल कोणाचे?

१/
सन १८७८. लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात तीस वर्षांची एक स्त्री स्वतःची बाजू स्वतःच मांडत होती. वाद मालमत्तेचा नव्हता. आठ वर्षेही पूर्ण न झालेली मुलगी आईकडे राहणार की बापाकडे जाणार, एवढाच प्रश्न होता. पस्तीस वर्षांनंतर मद्रासच्या उच्च न्यायालयात तीच स्त्री पुन्हा वकिलाविना उभी राहिली. या वेळी मूल मागणारा बाप समोर होता आणि मुले तिच्या ताब्यात होती.

२/
मराठी वाचकाला ॲनी बेझंट हे नाव परिचित आहे ते लोकमान्य टिळकांच्या बरोबरीने. १९१६ साली टिळकांनी आणि बेझंटबाईंनी आपापले होमरूल संघ काढले, १९१७ साली बाई काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, हे शाळेच्या पुस्तकात असते. त्यांच्या आयुष्यातील मुलांच्या ताब्याचे दोन खटले मात्र पुस्तकात नसतात. विभक्त झालेल्या आईबापांनी मुलांविषयीचे निर्णय कसे घ्यावेत, या आजच्या प्रश्नाचा बराचसा इतिहास त्या दोन खटल्यांत सापडतो.

३/
सुरुवात थोडी मागे जाऊन करावी लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या कायद्यात औरस मुलावर हक्क होता तो बापाचा. १८०४ सालच्या द मानव्हिल खटल्यात नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या आईच्या अंगावरचे आठ महिन्यांचे मूल बाप उचलून घेऊन गेला. आई न्यायालयात गेली. बापाचा मुलावरील अधिकार कायदेशीर आहे, असे म्हणून न्यायालयाने मूल परत देण्यास नकार दिला. आईच्या वाट्याला मुलांकडून मान घेण्याचा अधिकार होता, ताब्याचा नव्हता.

४/
या कायद्याला पहिला तडा गेला तो कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेमुळे. १८२७ साली तिचे लग्न झाले आणि तीन मुलगे झाले. नवरा मारहाण करी. १८३६ साली त्याने तत्कालीन पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्याशी पत्नीचे अनैतिक संबंध असल्याचा दावा लावला. ज्यूरीने तो फेटाळला. दावा हरलेल्या नवऱ्याने तिन्ही मुले स्कॉटलंडला पाठवून दिली. पत्नी निर्दोष ठरली होती, तरीही मुलांना भेटण्याचा कोणताही कायदेशीर मार्ग तिच्यापुढे नव्हता.

५/
नॉर्टनबाईंनी लेखणी उचलली. पत्रके लिहिली, खासदारांच्या भेटी घेतल्या, टोपणनावाने लॉर्ड चॅन्सेलरना उद्देशून पुस्तिका प्रसिद्ध केली. टॉमस टाल्फर्ड या खासदाराने विधेयक मांडले आणि १८३९ साली बालकांच्या ताब्याचा कायदा संमत झाला. सात वर्षांखालील मुलाचा ताबा आणि त्याहून मोठ्या मुलाची भेट मागण्याची मुभा आईला प्रथमच मिळाली. व्यभिचार सिद्ध झालेल्या आईला मात्र ती नव्हती.

६/
या विजयाला एक कडवट शेवट आहे. नवा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता आणि नॉर्टनबाईंची मुले तिथेच होती. १८४२ साली त्यांचा धाकटा मुलगा घोड्यावरून पडून जखमी झाला. आई पोहोचली तेव्हा तो गेलेला होता. ज्या कायद्यासाठी तिने रान उठवले, त्याचा लाभ हजारो आयांना झाला. तिला स्वतःला तो वेळेवर मिळाला नाही. मुलांच्या प्रकरणात उशिरा मिळालेला न्याय कसा हातून निसटतो, त्याचे हे जुने उदाहरण.

७/
पुढचा महत्त्वाचा टप्पा १८७३ चा. त्या वर्षीच्या कायद्याने आईला ताबा मागण्यासाठीची मुलाची वयोमर्यादा सोळा वर्षांपर्यंत नेली. पण खरी नवी गोष्ट दुसऱ्या कलमात होती. नवरा-बायकोने विभक्त होताना करार करून मुलाचा ताबा आईकडे दिला, तर केवळ बापाने हक्क सोडला या कारणाने तो करार आता रद्दबातल ठरणार नव्हता. एकच अट होती. करार मुलाच्या हिताचा नाही असे दिसल्यास न्यायालय तो अमलात आणणार नाही.

८/
आईबाप आपसांत ठरवू शकतात आणि ते ठरलेले मुलाच्या हिताच्या कसोटीवर तपासले जाते, ही आजच्या कौटुंबिक न्यायालयांतील नेहमीची रीत. तिचे बीज या कलमात आहे. आणि त्याच १८७३ साली अशाच एका करारावर सही करणाऱ्यांत होते सिब्सी या गावचे पाद्री फ्रँक बेझंट आणि त्यांची पत्नी ॲनी.

९/
१८६७ साली ॲनीचे लग्न झाले. १८६९ मध्ये डिग्बी हा मुलगा आणि १८७० मध्ये मेबल ही मुलगी झाली. मुलीच्या दुखण्यात आईची ईश्वरावरील श्रद्धा डळमळली. पाद्र्याच्या पत्नीने चर्चमधील प्रभुभोजनाचा विधी नाकारणे म्हणजे संसाराच्या मुळावरच घाव होता. विधी पाळ, नाहीतर घर सोड, असा पर्याय समोर आला तेव्हा तिने घर सोडले.

१०/
करार साधा होता. मुलगी आईकडे, मुलगा बापाकडे. दोघांनीही दुसऱ्या अपत्याला वर्षातून ठरावीक काळ आपल्याकडे आणावे. आईला लहानशी पोटगी. घटस्फोट नव्हता, कारण १८५७ च्या घटस्फोट कायद्यात मतभेद हे कारणच नव्हते. त्यात व्यभिचार हा नवऱ्याला पुरेसा आधार होता. पत्नीला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. म्हणून ही दोघे कायद्याने पती-पत्नीच राहिली, फक्त दोन घरांत. या व्यवस्थेवर सुमारे पाच वर्षे निघाली.

११/
मग १८७७ उजाडले. चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासह बेझंटबाईंनी संततिनियमनाची माहिती देणारी नोल्टन यांची जुनी पुस्तिका पुन्हा छापली. अश्लीलतेचा खटला झाला, शिक्षा झाली आणि १८७८ च्या आरंभी आरोपपत्रातील तांत्रिक दोषावरून ती रद्दही झाली. तुरुंग टळला. पण त्या खटल्याने फ्रँक बेझंट यांच्या हाती साधन दिले. अशा बाईकडे माझी मुलगी कशी ठेवावी, असे म्हणत ते चॅन्सरी न्यायालयात गेले.

१२/
तक्रारी दोन होत्या. आई नास्तिक आहे आणि मुलीला धर्मशिक्षणापासून दूर ठेवते, ही पहिली. आईने प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेमुळे सभ्य समाजात तिला स्थान नाही, ही दुसरी. न्यायाधीश होते सर जॉर्ज जेसेल, त्या काळातील अत्यंत बुद्धिमान न्यायाधीशांपैकी एक. आईचे मुलीवर प्रेम आहे, तिने मुलीची नीट काळजी घेतली आहे, हे त्यांनी मान्य केले. तरीही निर्णय आईच्या विरुद्ध गेला.

१३/
जेसेल यांचा युक्तिवाद लक्षात घेण्यासारखा आहे. करार वैध आहे, पण मुलीच्या हिताचा नाही, म्हणून न्यायालय तो पाळायला लावणार नाही. हित का नाही? आईशी प्रतिष्ठित स्त्रिया संबंध ठेवणार नाहीत आणि तिच्याबरोबर वाढणाऱ्या मुलीवरही तीच सावली पडेल. ‘मुलाचे हित’ हा शब्द इथे आहे. पण त्या शब्दात मुलीचे जेवण, झोप, शाळा आणि जिव्हाळा यांना जागा नाही. समाज काय म्हणेल, एवढेच त्यात भरलेले आहे.

१४/
मेबलला कोणी विचारले नाही. आजारातून उठलेली, अजून अशक्त असलेली ती पोर रडत, झटापट करत असताना तिला आईपासून ओढून नेले गेले, असे बेझंटबाईंनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने ताब्याचा निर्णय कायम ठेवला. मात्र मुलांना भेटण्याचा आईचा अधिकार मान्य झाला.

१५/
आणि इथे बेझंटबाईंनी असा निर्णय घेतला, ज्याविषयी आजही मतभेद होऊ शकतात. प्रत्येक भेटीत इतका मनस्ताप आणि अपमान वाट्याला येई की मुलांची मने सतत दोन्हीकडे ओढली जात. अखेरीस हातातील भेटीचा हक्क त्यांनी वापरायचे थांबवले. मुलांची ओढाताण थांबावी, हे त्यांचे कारण. याला त्याग म्हणावे की माघार? आईवाचून गेलेल्या वर्षांचा हिशेब मुलांनी कसा मांडला असेल? कागदपत्रांत याचे उत्तर नाही. एवढे मात्र खरे की डिग्बी आणि मेबल ही दोघेही मोठी झाल्यावर आपण होऊन आईकडे परतली.

१६/
आता दुसरा खटला. १९०९ साली जी. नारायणय्या हे निवृत्त सरकारी अधिकारी थिऑसॉफिकल सोसायटीच्या कामासाठी मद्रासजवळच्या अड्यार येथे राहायला आले. पत्नी वारलेली, पदरी मुले. त्यांतील कृष्णमूर्ती हा मुलगा भावी जगद्गुरू होणार, असे सोसायटीच्या धुरिणांनी ठरवले. १९१० साली नारायणय्यांनी कृष्णमूर्ती आणि त्याचा धाकटा भाऊ नित्यानंद यांचे पालकत्व लेखी पत्राने बेझंटबाईंना दिले. १९१२ साली बाईंनी मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला नेले.

१७/
बापाचे मन बदलले. सोसायटीतील सहकारी लेडबीटर यांचा मुलांशी संबंध येऊ नये, हा त्यांचा मुख्य आग्रह होता आणि त्यामागे गंभीर आरोप होते. त्यांनी दावा लावला. त्यांचे वकील होते सी. पी. रामस्वामी अय्यर, हेच पुढे होमरूल चळवळीत बेझंटबाईंचे सहकारी झाले. १९१३ साली न्यायमूर्ती बेकवेल यांनी बापाचे विशिष्ट आरोप सिद्ध मानले नाहीत, तरी मुले बापाला परत द्यावीत असा निकाल दिला. त्यावरचे अपीलही बेझंटबाई हरल्या.

१८/
नियतीचा हा उलटा फेरा नारायणय्यांच्या बाजूनेही पाहायला हवा. विधुर, मध्यमवर्गीय, एका बलाढ्य संस्थेच्या आवारात राहणारा हा बाप. मुलांना विलायतेचे शिक्षण मिळेल म्हणून त्याने सही केली. नंतर त्याच्या लक्षात आले की त्या सहीबरोबर मुलगे आपल्या हातून गेले. १८७८ साली मेबलच्या आईने जे भोगले, त्याचीच छाया १९१३ मध्ये या बापावर पडली होती. आणि ती पाडणारी व्यक्ती मेबलची आई होती.

१९/
बेझंटबाई लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेल्या. मे १९१४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. प्रिव्ही कौन्सिलने म्हटले ते असे : हिंदू कायद्यानुसार बाप हा नैसर्गिक पालक आहे, तो मुलांचे संगोपन दुसऱ्यावर सोपवू शकतो आणि सामान्यतः ते परतही मागू शकतो. पण मुले इंग्लंडमध्ये राहत असताना त्यांचे म्हणणे ऐकून न घेता, त्यांचे हित न तपासता, त्यांना समुद्रापार परत पाठवा असा हुकूम देता येणार नाही.

२०/
दोन्ही निकाल शेजारी ठेवले म्हणजे छत्तीस वर्षांत काय बदलले ते दिसते. मेबल सात वर्षांची होती आणि न्यायालयाच्या लेखी तिला मत नव्हते. कृष्णमूर्ती एकोणीस वर्षांचा होता आणि परत जायचे नाही हे दोघा भावांचे म्हणणे कौन्सिलपुढे आले. वयाचा फरक मोठा आहे, हे खरेच. पण मुलाला वगळून मुलाचा निवाडा होऊ नये, हे तत्त्व १९१४ च्या निकालात स्पष्टपणे उभे आहे. त्याच तत्त्वाने एका बापाचे घर रिकामे राहिले, हेही तितकेच खरे.

२१/
त्या निकालामागे भारतातला एक कायदा होता : १८९० चा पालक व पाल्य अधिनियम. तो आजही लागू आहे. त्याच्या १७ व्या कलमात पाल्याचे कल्याण पाहण्यास सांगितले आहे आणि त्यासाठी वय, लिंग, धर्म, पालकाचे चारित्र्य व पात्रता, नात्याची जवळीक यांचा विचार करावा असे म्हटले आहे. पाल्य समजत्या वयाचा असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येते. बेझंटबाईंना १८७८ साली ज्या मोजपट्ट्यांनी मापले गेले त्या धर्म आणि चारित्र्य या मोजपट्ट्या या यादीत आहेत. मेबलला जे मिळाले नाही, तेही या यादीत आहे.

२२/
घटस्फोटाचा मार्ग आपल्याकडे वेगवेगळ्या वाटांनी आला. अनेक जातींत काडीमोडाची आणि पाटाची रीत जुनीच होती. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांना कायद्याची वाट पाहावी लागली. पोर्तुगालने १९१० साली केलेला घटस्फोटाचा कायदा गोव्यातही लागू झाला. बडोदे संस्थानाने १९३१ साली, मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. १९५५ चा हिंदू विवाह कायदा देशभर आला. त्याच्या २६ व्या कलमाने मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांविषयी आदेश देण्याचा, शक्य तिथे मुलांच्या इच्छेशी सुसंगत राहण्याचा आणि ते आदेश पुढे बदलण्याचाही अधिकार न्यायालयाला दिला.

२३/
बदलण्याचा अधिकार ही क्षुल्लक तरतूद नव्हे. चार वर्षांच्या मुलासाठी योग्य असलेली व्यवस्था चौदाव्या वर्षी योग्य राहतेच असे नाही. शाळा बदलते, गाव बदलते, आईबापांपैकी कोणी पुन्हा लग्न करते. म्हणून ताब्याचा आदेश कधी शिळेवर कोरला जात नाही. १८७३ चा बेझंट करार मोडला तो काळानुरूप बदलला म्हणून नव्हे, एका बाजूने तो उधळून लावला म्हणून. दोघांनी बसून सुधारलेला करार आणि एकाने मोडलेला करार यांत मुलाच्या दृष्टीने मोठे अंतर असते.

२४/
१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने बापाला प्रथम आणि ‘त्याच्यानंतर’ आईला नैसर्गिक पालक ठरवले. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहील, असेही म्हटले. १३ व्या कलमाने मात्र मुलाचे कल्याण सर्वोपरी ठेवले. या दोन गोष्टींतील ताण महाराष्ट्रातील एका प्रकरणात पुढे आला. शेतजमीन कसायला देण्याच्या व्यवहारातून उद्भवलेल्या जिजाबाई गजरे खटल्यात बाप हयात होता, पण अनेक वर्षे वेगळा राहत होता आणि मुलीकडे त्याने पाहिलेही नव्हते. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की असा बाप नसल्यासारखाच, पालक आई.

२५/
१९७३ साली रोझी जेकब खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत. १९९९ साली गीता हरिहरन खटल्याचा निकाल आला. मुलाच्या नावे रोखे घेताना आईची सही पालक म्हणून चालेल का, असा तो प्रश्न होता. न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ या शब्दाचा अर्थ ‘त्याच्या मृत्यूनंतर’ असा न घेता ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा लावला. एका अव्ययाच्या अर्थाने असंख्य आयांची सही ग्राह्य झाली.

२६/
२०१५ साली विधी आयोगाने २५७ व्या अहवालात आणखी पुढचे पाऊल सुचवले. आई आणि बाप दोघेही समान दर्जाचे नैसर्गिक पालक असावेत, आणि मुलाच्या हिताचे असेल तिथे संयुक्त ताब्याचा पर्याय न्यायालयापुढे असावा. मूल कोणाला मिळाले, ही भाषा त्यात मागे पडते. शाळेचा निर्णय कोण घेईल, आजारपणात कोणाला कळवायचे, सुट्टी कशी वाटायची, आजी-आजोबांची भेट कशी होईल, या साध्या प्रश्नांना तिथे महत्त्व येते.

२७/
हे प्रश्न नवे वाटतात, पण १८७३ च्या त्या करारात ते होतेच. मुलगी इथे, मुलगा तिथे, वर्षातले ठरावीक दिवस एकमेकांकडे. त्या कागदात दोन उणिवा होत्या. भावाबहिणीला एकमेकांपासून तोडून दोन घरांत वाटले होते. आणि मुलांविषयी मतभेद झाला तर न्यायालयाआधी कोणाकडे जायचे, याची सोय नव्हती. भारतात १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा आला तेव्हा समेटाचा प्रयत्न आणि समुपदेशक यांना त्यात स्थान देण्यात आले. ती दुसरी उणीव ओळखली गेल्याचीच ही खूण.

२८/
फ्रँक बेझंट १९१७ साली वारले. तोवर ॲनी बेझंट कायद्याने त्यांची पत्नीच होत्या. जवळजवळ पाव शतक भारतात राहिलेली, त्याच वर्षी काँग्रेसची अध्यक्ष झालेली पत्नी. संसार मोडून चव्वेचाळीस वर्षे झाली होती. पती-पत्नीचे नाते कागदावर टिकले आणि माणसांत संपले. आई आणि मुलांचे नाते कागदावर संपवले गेले आणि माणसांत टिकले. मुलांच्या ताब्याविषयीचे सगळे कायदे त्यानंतर हळूहळू हीच गोष्ट शिकत आले आहेत : न्यायालय मूल एका घरातून दुसऱ्या घरात नेऊ शकते, पण त्याच्या मनातील आईला किंवा बापाला हुकुमाने बाहेर काढू शकत नाही.

(समाप्त)